पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ

मालखाझ, उद्या रुस्तावीच्या बाजारात जातोयस,
तर पहाटे जा, इंजिन थंड असताना.
विकणारे आधीच सुरू करून ठेवतात,
पाहुणे यायच्या आत पोराला दटावून ठेवावं तसं.
बॉनेटवर तळहात ठेव. गरम लागलं
तर चहा पी, तासभर थांब.
आपण राचाचे लोक, सावकाशीबद्दल तसेही बदनाम.

मैदानभर उभ्या असतात त्या:
अमेरिकेत आपटलेल्या, गारांनी ठेचलेल्या, बुडालेल्या,
पोतीच्या बंदरात उतरून कुणाच्या तरी शेडमध्ये
तीन आठवड्यांत नव्या नवरीसारख्या झालेल्या.
दुरून डोंगर साजरे, हे आपल्याला कुणी सांगायला नको;
आपण तिथेच राहतो.

खिशात लोहचुंबक असू दे.
दारावरून फिरवताना तो जिथे कां कूं करेल
तिथे लांबी भरलेली आहे.
थोडी लांबी चालते रे.
माझ्याही गुडघ्यात काहीतरी भरलंय डॉक्टरनं.

गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं, असं सांगतील.
कुणाच्या जन्माचं, ते विचार.
जुंबेर मेकॅनिकनं माझं काढलं तेव्हा
तुर्की कॉफीसारखा गाळ होता खाली,
त्याच्या आईनं त्यात भविष्यसुद्धा वाचलं असतं.
आणि आकडा मैलांत असतो, विसरू नकोस.
मी विसरले होते. स्वस्तात पडली म्हणून
रिकोतीच्या घाटापर्यंत गात आले.

धड जीप नाही, धड मोटार नाही,
माझा नवरा तिला खेचर म्हणायचा.
पण मागची सीट पाडली की मधमाश्यांच्या सात पेट्या बसतात,
दाटीवाटीनं आठ.
बर्फात चारही चाकं ओढतात, खरंय.
थांबवताना मात्र ती तुझ्या जुन्या लाडाइतकीच घसरते.
पैसे टायरवर घाल. गाणी वाजवायच्या पडद्यावर नको.

पहिल्याच वर्षी झेस्ताफोनीच्या सिग्नलला
आभाळ भरून आलं आणि मागची काच
आपणहून खाली गेली.
सातव्या पेटीचं झाकण सैल होतं.
त्या दिवशी त्या चौकात
पोलिसांसकट सगळ्यांनी मला वाट दिली.

जुंबेरनं मग गालिचा उचलला, नाक लावलं,
काही न बोलता ड्रायव्हरशेजारचा पट्टा
ओढत राहिला, ओढत राहिला, संपेपर्यंत.
शेवटची वीतभर पट्टी पिवळट होती.
वाळलेला, बारीक, परका चिखल.
वरचं सगळं धुतात ते, झाइरा, म्हणाला,
इथवर कुणाचा हात जात नाही.

सीटखाली केसांची निळी चाप सापडली, लहान मुलीची.
कुठली नदी होती, कुठलं गाव,
गाडीतून वेळेत बाहेर पडले का,
कागदांवर यातलं काही नसतं.
कागदांवर फक्त वजन आणि रंग.

विकून टाक म्हणाले सगळे. मीही रंगवून,
सुवास मारून कुणाच्या तरी गळ्यात बांधू शकले असते.
तारा बदलल्या. दोन हिवाळ्यांचा मध त्यात गेला.

गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या एकाला रात्री कळा सुरू झाल्या.
ॲम्ब्युलन्स खालच्या पुलाशी अडकलेली.
पोटावरून घ्यायला पट्टा पुरेना,
मी ओढला, अजून ओढला,
आणि ती वीतभर माती
तिच्या खांद्यापाशी येऊन टेकली.
ओनीपर्यंत ती तिथेच धरून होती, मुठीत.
मुलगी झाली. नाव निनो वगैरे काहीतरी ठेवायचं सोडून
त्यांनी माझंच ठेवलं, वेड्यांनी.

तेव्हा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ, मालखाझ.
माती दिसली तर घेऊ नकोस.
घेतलीसच, तर हजारभर कमी करून घे,
मागच्या डिफरन्शियलचं तेल बदल, ते सगळे विसरतात,
आणि तेवढी वीत धुऊ नकोस.