पाद्री, एकवचन

हायकोर्टाच्या अनुवाद शाखेत, पंख्याखालच्या टेबलावर,
रेमेडिया इनास क्रास्टो, राहणार कोंडिविटा, मरोळ,
यांचं मृत्युपत्र. इंग्रजी. साडेतीन पानं.

त्यात एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी येतो.
नवऱ्याला शेवटचं तेल लावून गेला तो प्रीस्ट.
कामगार हॉस्पिटलात खाटेखाटेपाशी थांबायचा तो चॅप्लेन.
चाव्या, वह्या, पावत्या ज्याच्या हाती, तो व्हिकर.
आणि सुनेच्या जबानीत, तिचं माहेर प्रॉटेस्टंट,
तोच पास्टर.

माझ्या आधीच्या अनुवादकाने सगळीकडे लिहिलंय : पाद्री.
सुटसुटीत. बढती मिळाली त्याला.

पण विहिरीपलीकडचे चार गुंठे बाईने ठेवले व्हिकरला,
प्रीस्टला नाही.
प्रीस्ट म्हणजे फादर कॅजिटान मिस्किटा,
ज्यांचे पुतणे आता वकील घेऊन उभे आहेत.
व्हिकर म्हणजे खुर्ची.
खुर्चीला पुतणे नसतात.

टायपिस्टने 'व्हिकर'चा केला 'विकार'.
चार गुंठे विकारास.
हसले, मग खोडलं.

बाहेर बाकावर बाईंची नणंद बसली होती,
पिशवीत पाण्याची बाटली, मांडीवर छत्री.
विचारलं, तुम्ही काय म्हणायचात त्यांना?
"घरा आयला का फादर," ती म्हणाली,
"सई केली का विगार."
तीन डिक्शनऱ्या मी उगाच उघडल्या होत्या.

माझे बाबा गुरव. ताडदेवच्या एका लहानशा शिवालयात.
लोक म्हणत, भटजी.
ते सांगत, भटजी मंत्र म्हणतो, लग्नं लावतो,
मी बेल धुतो, निर्माल्य काढतो, पिंडीवरचे तांदूळ माझे.
लोक म्हणत, तेच ते हो.
मग देवळाचा ट्रस्ट झाला. कागदावर कुणीतरी लिहिलं : पुजारी.
पुजारी म्हणजे पगारी.
तांदूळ गेले. पुढच्या वर्षी
देवळामागची खोलीही गेली, जिच्यात मी
पहिलीची उजळणी पाठ केली होती.
बाबांना सही करताना शब्द नीट दिसला नव्हता.
चष्मा दुरुस्तीला होता.

पान दोन, ओळ अकरा. 'पाद्री' खोडून लिहिलं :
धर्मग्रामाचे त्या त्या वेळचे मुख्य धर्मगुरू, त्या पदाच्या नात्याने.
ओळ समासात घुसली.

फार लांबलं हो, साहेब म्हणाले.
हो, म्हटलं.
चार गुंठे आहे.