कपाटातली चेटकीण

त्रीनू चेटकिणीचं गाणं कपाटात बसून म्हणते.
कोटांच्या गर्दीत आवाज घुमत नाही,
शेजारच्या म्हाताऱ्याची झोपही मोडत नाही.

उकू, आमच्या ऑपेरातलं अस्वल,
नार्वाला आजोळी अडकलंय.
त्याचा खर्ज माझ्यापर्यंत
अर्धा सेकंद उशिरा पोचतो.
म्हणून ज्यानं त्यानं एकट्यानं गायचं,
कानात नुसती टिकटिक,
समोर कुणी आहे असं धरून.

रात्री टार्टूत मी त्यांना शेजारी बसवते,
श्वासाला श्वास जुळवते.
एका जागी उकू खोकलाय. राहू दिलं.
अस्वलंही खोकत असतील हिवाळ्यात.

मंगळवारी बालवाडीची सतरा मुलं,
सतरा चौकोनांत.
चेटकीण शाप देते, पुठ्ठ्याचा राजवाडा हलतो,
कुणी घाबरत नाही.
एकजण, पुढचे दात पडलेला,
माइक बंद, तरी बोलतच राहतो.
मी त्याचा आवाज सुरू केला.

"तिच्यामागे तो निळा कोट आहे ना,
तो घालायला सांगा तिला.
थंडी वाजली की माझी आईपण
अशीच ओरडते."

बुधवारी त्रीनूनं शेवटचा अंक
पुन्हा गायला, कोट घालून.
शाप आम्ही बदलला नाही.
बटणं तेवढी तिनं
गळ्यापर्यंत लावली.