सरक की पुढं

आज टेम्पो रिकामा.
अत्तार साऊंड, सावळज — बॉक्स घरी, पोत्याखाली,
जनरेटरही घरीच.
बाबर गुरुजी म्हणाले, शब्बीर, तू ये,
पण हात हलवत ये. वायरचा तुकडासुद्धा नको.
मग लोकांना ऐकू कसं जायचं?
गुरुजी हसले.
त्यांची कवळी पुढच्या महिन्यात यायची आहे.

बेदाण्याचं शेड.
हंगाम सरून सहा महिने झाले
तरी जाळ्यांना गंधकाचा वास, डिपिंगच्या तेलाचा,
आणि गाठीत अडकलेला एखादा काळा मणी,
पोरं तो नखानं काढून खातात.
वरच्या जाळीला चार कंदील.
खाली ताडपत्री, चपला, माणसं,
आणि नदाफांचं झोपलेलं नातवंड.

पहिला भिकू ओलेकर.
ढोल शेकोटीवर तापवून आणलेला.
कानावर हात ठेवून त्यानं ओवी टाकली
तसे पत्रे थरारले.
हे मला कळतं. थरारणारे पत्रे
म्हणजे माझी भाकरी.

मग रेणके, बाप आणि लेक.
लेक बारावी सायन्सला; संबळ वाजवताना
चष्मा नाकावरून घसरतो, तो मानेनंच सावरतो.
बापाचं तुणतुणं मला दिसलं.
बोट हललं, तार हलली,
लोकांच्या माना हलल्या.
मीही हलवली.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
डावा कान चार वर्षांपूर्वी गेला,
उजवा वाटेवर आहे.
मिरजेच्या डॉक्टरनं कागदावर
एक उतरती रेघ काढून दाखवली.
मी म्हणालो, घाट आहे की हा.
तो हसला नाही.
बायको बोलते तेव्हा मी तिच्या ओठांकडं बघत राहतो.
तिला वाटतं, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी
याचं मन भरत नाही.

शेवटी गजराक्का लोहार.
जातं चार पोरांनी उचलून आणलेलं,
पदर खोचून ती बसली, मूठभर शाळू टाकला,
खुंटा धरला.
तोंड उघडलं.
लोक एकदम गप्प झाले, एवढं दिसलं.
मागच्या रांगेत मला
नुसतं उघडंमिटं तोंड.

खिशात कॉलरचा माइक होता. सवय.
उठून उभा राहिलो. म्हणालो,
आक्का, एवढासाच आहे, लावू का?
हात थांबला नाही तिचा.
वर बघितलं, सावकाश बोलली,
ओठ मला वाचता आले:
"तू सरक की पुढं."

लोक हसले असतील.
मी सरकलो. चपलांवरून, चहाच्या किटलीजवळून,
नदाफांच्या नातवंडाला वळसा घालून,
पार जात्याच्या पलीकडं, तिच्या समोर.
तिनं हनुवटीनं खुंटा दाखवला.
धरला.

पहिल्यांदा आलं ते मनगटात.
दगडावर दगड, एक जाड, गोल घरघर,
मग कोपरात, मग खांद्यात,
मग कुठून तरी आतल्या वाटेनं
तिचा आवाज,
चिरका, मध्येच धाप लागलेला:

*सरलं दळण माझं, सुपात दाणं उरलं दोन*
*अवेळी आलं दारी, ........ वळख, हाय कोण*

मधला शब्द गेला.
पुन्हा म्हणायला सांगितलं नाही,
फेरा पुढं गेला होता.

साडेदहाला बसणं मोडलं. चहा कमी पडला,
कुणाची तरी चप्पल कुणी तरी घालून गेलं.
शनिवारी मणेराजुरीत हळद आहे, आठ बॉक्सची.
आगाऊ रक्कम घेतलेली आहे.
जाईन. आठही लावीन.

घरी आलो तर ती जागीच.
अंधारात काहीतरी विचारत होती,
माझ्या बाहीवरचं पीठ झटकत.
बटणाकडं हात गेला होता,
मागं घेतला.
म्हणालो, अगं,
जरा जवळ येऊन बोल.