सीआरपी अठरा

लेओनच्या डायलिसिस केंद्रात
बुधवारी पहाटे, यंत्र सुरू करण्याआधी
मारिसेला एक नळी रक्त बाजूला काढते.

एउसेबियो ऊस तोडायचा. आता
चार तास खुर्चीत, हातावरच्या फिस्टुलाची
मांजरासारखी घरघर ऐकत.

"ताप नाही, खोकला नाही, जखमही नाही.
मग अठरा कसलं?"

ती कागद उलटा ठेवते.
कसं सांगायचं, की काहीतरी धुमसतंय;
मूत्रपिंडं तर कधीच विझली,
आणि धग पोचतेय ती हृदयाला?

त्याला मात्र ठाऊक आहे :
ऊस तोडण्याआधी फड पेटवतात.
रात्री ज्वाळा विझतात. सकाळी
बुटांचे तळ तापतात.

"छातीत काही होतं का?"
"जिना चढताना," तो म्हणतो.
"पण आमच्या घराला जिनाच नाही."