जुनी भेग

सातवा दिवस. मनाबीचा किनारा.
समुद्र असा पडून,
जणू त्याचा कशाशी संबंधच नाही.
माझ्याकडे तीन रंगांचे स्टिकर, फॉर्मचा गठ्ठा
आणि भेगांची रुंदी मोजायची पट्टी.

ओब्दुलिया दारातच उभी होती.
पाण्याचा टँकर अजून यायचा होता,
तरी तिनं कॉफी दिली
थर्मासच्या झाकणातून.

मी लिहीत गेलो :
खांब दोन, तडकलेले.
जिना नाही.
मागची भिंत, भेग अकरा मिलिमीटर

"ती नका धरू हिशेबात," ती म्हणाली.
"ती जुनी आहे. एउसेबियोची बोट परतली नाही
त्या वर्षीची. मीच बुजवली नाही.
संध्याकाळी तिच्यातून ऊन यायचं
थेट त्याच्या उशीवर."

आधीच्या पडझडीसाठी
फॉर्मवर रकाना नव्हता.
मी अकरा खोडले. पुन्हा लिहिले.
पेन झटकत राहिलो, शाई असूनही.

लाल स्टिकर चिकटेना, धूळ फार.
तिनंच एप्रनच्या टोकानं भिंत पुसून
जागा करून दिली,
अंगठ्यानं चारी कोपरे दाबले.
मग विचारलं,
रात्री कोंबड्या आत गेल्या तर चालेल ना?
त्यांना वाचता येत नाही.