हँडल

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारामागं
आमचा तंबू. पडद्यावर ग्रीसचा एक जाड्या,
दर खेळाला त्याच पायरीवरून घसरणारा.

मधेच पाटी यायची.
अक्षरं कुणाच्या बापाला कळत नव्हती,
त्यातलं एक तर गोठ्याच्या चौकटीसारखं.
उखर्डू बारी छडी टेकवून खुशाल वाचायचा:
"मी पडनू नही, बसनू!"
तंबू गडगडायचा.
बाहेर घोडी खिंकाळायची.

हँडल माझ्याकडं.
खांदा ताजा असला की जाड्या
सरकीच्या पोत्यासारखा धप्प.
शेवटच्या खेळाला हात भरून यायचे,
मग तो लवकर पडायचाच नाही,
तापीवर पान उतरावं तसा उतरत राहायचा
आणि तेवढ्या वेळात
त्याचा चेहरा दिसायचा.

बायकांच्या बाजूनं तेव्हा हसू यायचं नाही.
उखर्डू दातओठ खायचा,
"जोरबन फिराव ना भो, मानूस मरी जाई!"

रीळ एका उन्हाळ्यात चिकटून गेलं.
उखर्डू त्याच्या पुढच्या साली.

परवा न्हाणीत मीच घसरलो.
भिंत धरायची सोडून
उजवा हात हवेत
गोल गोल फिरला,
जोरानं.