चारच्या खाली पेन्सिल

नोव्हेंबरात हडर्सफील्डला
चारलाच दिवे लावावे लागतात.
वैदर्भीने गृहपाठ पसरला तो थेट
माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर:
एक ते सात. त्यातले हवे तेवढे आकडे उचला,
सरासरी चार यायला हवी. असे गट किती?

लिहून काढ की एकेक, मी म्हटलं.
एकशे अठ्ठावीस तपासायचे, आई,
तोवर तुझी रात्रपाळी संपेल.

शेजारचे मिस्टर हॅलम गिरणीत सुतार होते.
त्यांनी दिलेली आठ इंची पट्टी
तिने पेन्सिलीवर तोलली, बरोबर चारच्या खुणेखाली,
आणि माझ्या पर्समधली चिल्लर ओतली.

सातवर एक पेनी. पट्टी कलंडली.
एकवर दुसरी. सावरली.
मग एकवरची उचलून
दोनवर ठेवली, तीनवर आणखी एक.
जराशी थरथरली, पण आडवी राहिली.
"बघ, लांबच्या एकाला जवळचे दोन लागतात."

संगमनेरला आईजवळ दोघे भाऊ आहेत.
मी इस्त्री पुन्हा तापत ठेवली.

डावीकडे जेवढं उणं, तेवढंच उजवीकडे अधिक,
असं जुळवत, खोडत, जीभ दातांत धरून
तिचे दहा झाले.
मग एक पेनी चारवरच ठेवली.
काहीच हललं नाही.

"हा असला काय, नसला काय."
मग कशाला मोजायचा?
"अगं, म्हणूनच तर! प्रत्येक गट दोनदा येतो.
एकदा याला घेऊन, एकदा याच्याशिवाय.
दहाचे वीस."

वॉर्डात मी कुणाचा ताप चढवत नाही,
उतरवतही नाही. चादरी बदलते,
पाणी देते, वेळ लिहिते.
दुप्पट, म्हणाली पोरगी.
आकडेमोडीत. तरी ऐकायला बरं वाटलं.

"आणि एक वजा. एकोणीस."
तो कुठला आता?
"ज्यात कुणीच नाही तो.
त्याची सरासरी निघत नाही. भागणार कशाने?"

बसच्या भाड्यापुरती नाणी मी वेचून घेतली,
उरलेली तिने डब्यात टाकली.
कोट चढवताना पाहिलं:
टेबलावर पट्टी तशीच, पेन्सिलीवर,
एकही नाणं नसलेली,
आणि अगदी आडवी.

वही मिटली होती. मी काही विचारलं नाही.
सहा चाळीसची बस
चढावर हमखास उशीर करते.